एका सुतकातली माणसं

परशुराम त्रिंबक प्रतिनिधींचे डोळे काढायचा हुकूम सुटला होता. साल १७११. हुकूम औरंगजेबाचा नव्हता, त्याच्या कुणा सुभेदाराचाही नव्हता. तो साताऱ्याला, शाहू महाराजांच्या तोंडून निघाला होता. ज्या माणसाने १७०१-०२ मध्ये विशाळगड खुद्द बादशहाविरुद्ध महिनोन्‌महिने झुंजवला, त्याला आपल्याच राज्यात ही शिक्षा फर्मावली गेली, आणि तीही दुसऱ्याच्या करणीसाठी. थोरला मुलगा कृष्णाजी सातारा सोडून कोल्हापूरकरांना, म्हणजे शाहूंच्या काकी ताराबाईंच्या विरोधी गादीला, जाऊन मिळाला होता. तिथे त्याला प्रतिनिधिपद मिळालं आणि विशाळगडही. मुलगा गेला तो बापाच्या फुशीनेच गेला असणार, असा शाहूंचा संशय.

खंडो बल्लाळ चिटणिसांना हे कळलं तसे ते धावत गेले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून त्यांनी रदबदली केली. डोळे वाचले. कैद मात्र चुकली नाही.

हा प्रसंग वाचताना माझं लक्ष दर वेळी खंडो बल्लाळांकडेच जातं. त्यांचे वडील बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी, म्हणजे शाहूंच्या वडिलांनी, १६८१ मध्ये हत्तीच्या पायी दिलं होतं. त्यानंतरही हा मुलगा संभाजी महाराजांच्याच चाकरीत राहिला, पुढे राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांच्या पाठीशी उभा राहिला, मग शाहूंना येऊन मिळाला, आणि तीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचे डोळे वाचवायला त्याच राजाच्या मुलापुढे वाकला. वाकताना आपला बाप त्याला आठवला असेल का? आठवला असेल तर ते शाहूंना त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असेल का? बखरकार पुढच्या मजकुराकडे वळतो. मी तिथेच अडकून राहतो.

आणि धाकटा श्रीपतराव! तो साताऱ्यातच होता. बाप बेडीत, थोरला भाऊ दुसऱ्या दरबारात, आणि हा राजाच्या फौजेत. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ कृष्णराव खटावकरावर चालून गेले तेव्हा श्रीपतराव बरोबर होता. बापाच्या कारभाऱ्याने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं: थोरल्याने लावलेला डाग धुऊन निघेल असं काही करून दाखव. औंधाजवळच्या लढाईत पोरगा जिवावर उदार होऊन लढला. शाहू प्रसन्न झाले, बाप सुटला, गेलेलं पद परत आलं. एका भावाच्या निर्णयाची किंमत दुसऱ्या भावाने रणात मोजली. पुढे त्या एका घराची दोन घरं झाली ती कायमचीच. एक औंधचं संस्थान, दुसरी कोल्हापूरकरांच्या पदरची विशाळगडची जहागीर. आज औंधाला यमाईच्या डोंगरावर किंवा तिथलं संग्रहालय बघायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की या घराची दुसरी फांदी सह्याद्रीच्या कड्याशी मलकापूर-विशाळगडाकडे वाढली?

मराठी राज्यातल्या या यादवीवर मी गेली काही वर्षं एक दीर्घकथा लिहितो आहे. प्रतिनिधींवर नाही. एवढ्या मोठ्या माणसांना हात घालायची माझी इच्छाही नाही. माझं घर आहे वारणेच्या काठावरचं, दोन घोडी आणि थोडी इनाम जमीन असलेल्या शिलेदाराचं. दोन भाऊ, त्यांची म्हातारी आई, थोरल्याची बायको आणि एक पोर. थोरला पन्हाळ्याच्या, म्हणजे कोल्हापूरकरांच्या बाजूला, धाकटा साताऱ्याच्या. त्यांना मी मुद्दाम नावं दिलेली नाहीत. घरात जशी हाक मारतात तसे ते माझ्या कागदावर दादा आणि धाकला असेच आहेत.

या यादवीतलं सगळ्यात मोठं दुःख मला हे वाटतं, की ती औरंगजेब मेल्यावर सुरू झाली. १६८१ ते १७०७ ही सव्वीस वर्षं या मुलखाने जे सोसलं, ते ज्याच्यामुळे सोसलं तो म्हातारा अखेर अहमदनगरजवळ मेला. गावोगावच्या माणसांना वाटलं असेल, आता नांगर धरता येईल. त्याच वर्षी उन्हाळ्यात माळव्यातून उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने, औरंगजेबाच्या मुलाने, कैदेतल्या शाहूंना सोडलं. मराठ्यांत फूट पडावी हा हेतू त्यात होताच. शाहूंची आई येसूबाई, बायको सावित्रीबाई, भाऊ मदनसिंग यांना ओलीस ठेवून घेतलं. म्हणजे आई शत्रूच्या ताब्यात, आणि मुलगा आपल्याच काकीशी लढायला दक्षिणेत. येसूबाई परत आल्या त्या थेट १७१९ मध्ये. रायगड पडून त्या कैद झाल्या १६८९ साली. तीस वर्षं झाली होती.

काकी आणि पुतण्या म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक पोक्त बाई आणि एक पोरगा येतो. प्रत्यक्षात १७०७ मध्ये ताराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या आणि शाहू पंचवीस. दोघांच्यात सातच वर्षांचं अंतर. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या या बाईने सात वर्षं औरंगजेबाला झुलवलं, त्याचे एका मागून एक किल्ल्यांना पडलेले वेढे पचवले, मराठी फौजा नर्मदापार धाडल्या. सातव्या वर्षापासून मोगलांच्या छावणीत वाढलेला पुतण्या आता येतो आणि म्हणतो, गादी माझी. ताराबाईंचं म्हणणं सरळ होतं: थोरल्या महाराजांनी कमावलेलं राज्य संभाजी महाराजांबरोबर गेलं, माझ्या नवऱ्याने ते नव्याने उभं केलं, मी राखलं, आता ते माझ्या मुलाचं. शाहूंचं म्हणणंही तितकंच सरळ: मी थोरल्या घरचा, आणि राजाराम काकांनी स्वतः पत्रात लिहून ठेवलंय की राज्य माझं आहे, मी परत येईपर्यंत ते सांभाळतायत. दोन्ही बाजू मी कित्येकदा मनाशी तोलून पाहिल्या. मला ताराबाईंच्या म्हणण्यात खोट सापडत नाही आणि शाहूंच्याही नाही. न्याय दोन्हीकडे होता. माणसं मेली ती त्यामुळेच.

ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात. भंडारा नाही, बेल नाही, दूधभात. लहान लेकराच्या तोंडचा घास. बाळराजाच्या नावाने इमान मागणाऱ्या आईने शपथेला हे अन्न निवडावं, यात तिची सगळी तगमग दिसते. त्या ताटावर हात ठेवणाऱ्यांत परशुराम त्रिंबक होते आणि शंकराजी नारायण सचिवही होते. परशुरामपंतांनी शपथ पाळली, शाहूंशी लढले आणि कैदेत पडले. शंकराजींना शपथ मोडवेना आणि शिवाजी महाराजांच्या थोरल्या नातवावर शस्त्रही उचलवेना. शाहू जवळ आले तसा त्यांनी जीव दिला. कुणी सांगतं हिरा गिळला, कुणी सांगतं जलसमाधी घेतली. मागे तान्हं मूल होतं. शाहूंनी सचिवपदाची वस्त्रं त्या मुलाला दिली आणि भोरचं घर टिकलं. या एका कृतीसाठी मला शाहू महाराजांबद्दल फार माया वाटते. डोळे काढायचा हुकूम देणारा तोच माणूस आणि शत्रूपक्षातल्या मेलेल्या कारभाऱ्याचं लेकरू पदरात घेणाराही तोच. कथा लिहिणाऱ्याने यातलं एकच धरून चालत नाही.

यादवीचं पहिलं रक्त सांडलं ते कुठल्या गडावर नाही. साताऱ्याकडे येताना वाटेत पारद गावाने शाहूंना अडवलं. चकमक झाली, पाटील पडला. त्याची बायको पोराला घेऊन बाहेर आली आणि तिने ते पोर शाहूंच्या पायांवर घातलं. शाहूंनी त्याला जवळ घेतलं, पहिल्या फतेची आठवण म्हणून फत्तेसिंग नाव ठेवलं आणि मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा तो मूळपुरुष. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट राजाच्या दयाळूपणाची म्हणून येते, आणि तशी ती आहेच. पण कथा लिहायला बसलं की मी त्या बाईपाशी थांबतो. नवऱ्याचं प्रेत अंगणात आहे, आणि ज्याच्या माणसांनी त्याला मारलं त्याच्याच पायांवर ती मूल घालते आहे. मूल जगावं म्हणून ती ते मारणाऱ्याला देऊन टाकते. पुढे ते मूल राजवाड्यात वाढलं, सरदार झालं. ती कुठे गेली? त्या मुलाने तिला आई म्हणून कधी हाक मारली का?

मग १२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला लढाई झाली. शाहू तोतया असल्याची आवई ताराबाईंच्या बाजूने उठलेली होतीच. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांनी शाहूंची खातरजमा करून घेतली आणि ते शाहूंकडे वळले. परशुरामपंत साताऱ्याला माघारी गेले. सातारा पडला तोही एका कुटुंबाच्या जिवावर. किल्ल्यावरच्या शेख मिराची बायकापोरं वाईत होती. त्यांना पकडून तोफेच्या तोंडी देण्याची धमकी शाहूंनी दिली, तेव्हा शेख मिराने परशुरामपंतांना कैद करून दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. घरं फुटली की राज्यं हलतात असं आपण म्हणतो. इथे राज्य मिळवायला घरं पणाला लावली गेली.

आपल्याकडच्या ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांबद्दल माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे आणि ते मी प्रेमापोटीच मांडतो, कारण मी त्याच वाचून मोठा झालो. यादवी आली की आपला लेखक घाईने एक बाजू निवडतो. ताराबाईंवर लिहिलं तर शाहू मोगलाळलेला, ऐषारामी. शाहूंवर लिहिलं तर ताराबाई सत्तेला हपापलेली. वाचकालाही तेच हवं असतं. कुणाच्या बाजूने रडायचं ते त्याला पहिल्या प्रकरणात कळायला हवं. फितुरी हा शब्द तर आपण इतक्या सहज फेकतो! १७०७ साली वारणेकाठच्या शिलेदाराने फितूर कशाला म्हणायचं? दोन्ही बाजूंना भगवा. दोन्ही बाजूंना हर हर महादेव. दोन्ही राजे शिवाजी महाराजांचे नातू. शत्रूची भाषा वेगळी असते, देव वेगळा असतो, तेव्हा लढणं मनाला सोपं जातं. इथे पलीकडच्या रांगेतून येणारी शिवीसुद्धा आपल्या गावची असते.

दुसरी एक समजूत मी अभ्यासू लोकांकडूनही ऐकलेली आहे. घरं अशी फुटत ती ठरवूनच, एक मुलगा इकडे, एक तिकडे. कुठलीही गादी टिकली तरी वतन घरातच राहतं. यात तथ्य आहे. दोन्ही गाद्यांनी माणसं ओढायला इनामं आणि सरंजाम वाटले, आणि वतनदार म्हणजे आपापल्या जागी छोटे नायकच, हे कोल्हापूरच्या बाजूला राहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्रही सांगतं. वतन म्हणजे जीव, हे त्या काळाचं खरं होतं. पण हिशेब म्हणून ते मांडलं की सगळं किती स्वच्छ दिसतं! ठरवून फुटले, असं म्हणताना मला कायम एक खोली दिसते. चुलीपाशी बाप बसलाय, समोर दोन मुलगे. त्यातला कुठला कुठे जाणार हे कुणीतरी बोलून दाखवायचं आहे. जी बाजू हरेल असं बापाला मनातून वाटतं, तिकडे तो कुणाला धाडतो? नावडत्याला? की जो तिथेही निभावेल असा विश्वास आहे त्या लाडक्याला? आणि ज्याला धाडलं त्याला ते कधी समजतं? माझ्या कथेचं दुसरं प्रकरण सगळं त्या खोलीतच घडतं, आणि ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अमेरिकेतल्या यादवीत केंटकीच्या जॉन क्रिटेंडन या सिनेटरवर अशीच पाळी आली होती. डिसेंबर १८६० मध्ये युद्ध टळावं म्हणून तडजोडीचा मसुदा मांडणारा हा म्हातारा. त्याचा एक मुलगा जॉर्ज दक्षिणेच्या फौजेत मेजर जनरल झाला आणि दुसरा थॉमस उत्तरेच्या फौजेत मेजर जनरल. १८६३ मध्ये बाप गेला तेव्हा युद्ध चालूच होतं. परशुरामपंतांची आणि या माणसाची भेट झाली असती तर त्यांना दुभाष्याची गरज पडली नसती.

माझ्या कथेचा कणा मला पुस्तकात सापडला नाही, आजोळी सापडला. आजोळ वारणेच्या दक्षिण काठावर. तिथे आमच्या भावकीतली दोन घरं एका सामाईक भिंतीने जोडलेली आहेत आणि त्यांचा बोलण्याचा संबंध माझ्या आईच्या जन्माआधीच तुटलेला. बांधावरून सुरू झालेलं भांडण कोर्टात गेलं, एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं, एका विहिरीवर दोन वेगळे रहाट बसले. पलीकडच्या घरातला कर्ता माणूस वारला त्या वर्षी मी सुट्टीत तिथे होतो. आजीने सकाळी देवघराचा पडदा ओढून घेतला. दहा दिवस देवाला फूल नाही, दिवा नाही. त्याच आठवड्यात गावची जत्रा होती आणि आमच्या घरचा नैवेद्य दुसऱ्या भावकीतल्या बाईने नेला. आजोबांनी दाढी केली नाही. दहाव्याला ते नदीवर गेले, लोकांपासून जरा लांब, बाभळीखाली उभे राहिले आणि कुणाशीही न बोलता परत आले. बोलणंच नाही तर हे पाळायचं कशाला, असं मी आजीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलत न्हाई म्हणून काय झालं? त्यो आपल्यातलाच हाय की."

भांडण कोर्टात होतं तसंच राहिलं. सुतक संपल्यावर दुसऱ्या दिवशी आजोबा तारखेला गेले.

हे आठवलं आणि १७३० कडे मी नव्याने पाहू लागलो. तोवर कोल्हापूरकडे बरंच उलटंपालटं झालं होतं. १७१४ मध्ये सवत राजसबाईने ताराबाई आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकून आपल्या मुलाला, संभाजीला (शाहूंच्या वडिलांच्याच नावाचा हा दुसरा संभाजी), गादीवर बसवलं होतं. ताराबाईंचा मुलगा कैदेतच १७२६ मध्ये गेला. आणि १७३० मध्ये श्रीपतराव प्रतिनिधी, तोच बापाला सोडवायला लढलेला धाकटा, आता साताऱ्याचा मातबर सरदार होऊन वारणेकाठी संभाजीच्या छावणीवर तुटून पडला. ज्या गादीच्या पदरी थोरल्या भावाचं घर नांदत होतं त्याच गादीच्या छावणीवर. संभाजी पन्हाळ्याकडे निसटले, सगळं सामानसुमान मागे राहिलं, ताराबाईंसह राजघराण्यातल्या बायका हाती लागल्या. शाहूंनी त्यांना मानाने परत पाठवायची तयारी केली, तेव्हा ताराबाईंनी साताऱ्यालाच राहायचं ठरवलं. कैद पन्हाळ्यावर तशी साताऱ्यात. ज्या पुतण्याला तेवीस वर्षांपूर्वी तोतया ठरवलं त्याच्याच छायेत त्या राहिल्या. संगम माहुलीला दोघांच्याही समाध्या आहेत. कृष्णेच्या पुराचं पाणी चढतं तेव्हा ते दोघांनाही विचारत नाही कोण कुठल्या बाजूचा.

त्या लढाईनंतरच्या रात्री विजयी छावणीत किती जणांना सुतक लागलं असेल? हा प्रश्न मी कुठे वाचलेला नाही. जिंकलेल्या फौजेत नगारे वाजतायत, लूट मोजली जातेय, आणि त्याच फौजेतल्या शे-दीडशे माणसांना धर्माने दहा दिवस देवाला शिवता येत नाही, कारण पलीकडे पडलेला त्यांच्यातला आहे.

माझा धाकला त्या छावणीत आहे. लुटीच्या ढिगात त्याला एक खोगीर दिसतं. डाव्या पाखाला चामड्याचा ठिगळ लावलेला, आणि ठिगळाची शिवण तिरपी, कारण शिवताना आर सरळ धरायची सवय त्याला नाही. तो ठिगळ त्यानेच लावलाय. दोन दिवाळ्यांमागे, घरच्या ओसरीवर, दादा समोर बसून दोरा ओढत होता. खोगीर ज्या घोड्यावरून उतरवलं त्याच्या स्वाराचं काय झालं हे कुणाला तरी ठाऊक असणार. विचारलं तर उत्तर मिळेल. उत्तर मिळालं की सुतक लागलं. सुतक हे मेल्यापासून मोजलं तरी लागतं ते कळल्यापासून. न विचारता राहिला तर उद्या पहाटे पूजेच्या वेळी तो सगळ्यांबरोबर हात जोडू शकतो, मशालीच्या उजेडात वाटणीचं सोनंनाणं घेऊ शकतो, दादा पन्हाळ्याकडे निसटला असं धरून चालू शकतो. तो खोगीर पालथं घालतो. ठिगळाची बाजू खाली.

हे लिहिताना मला जुन्या पत्रांची फार मदत झाली. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये छापला, पुढे सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत आले. त्यांतल्या मोहिमा आणि तह इतिहासकारांनी कधीच वेचून घेतले आहेत. मी वाचतो ते मायना. "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे." एकमेकांच्या मुळावर उठलेली माणसंसुद्धा याच वाक्याने सुरुवात करतात. कुणी म्हणेल, रीतच ती. असेल. पण कारकुनाने स्वतःहून बोरू चालवला तरी सही करणाऱ्याच्या कानावर ते पडतच होतं, आणि त्यातला एखादा तरी क्षणभर थांबला असेल. धाकल्याला रजा मागायची असते तेव्हा तो कारकुनाला सांगतो, "घरी भाऊ वारला, एवढंच लिहा." कुठे वारला, कुणाच्या हातून, ते नको. रजा मिळते. खोगीर पालथं घातल्यावर तो पाच दिवस गप्प होता. सहाव्या दिवशी आईकडून माणूस आला आणि न कळायची सोय संपली.

फेब्रुवारी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या माळावर शाहू आणि संभाजी हे चुलतभाऊ थाटामाटाने भेटले. १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. (त्याच्या बाराच दिवस आधी गुजरातेत डभईला बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले होते, एक घर सांधत होतं तोवर दुसरीकडे मराठे मराठ्यांशीच लढत होते.) तहाची कलमं नऊ. नदीच्या दक्षिणेकडचा मुलूख कोल्हापूरकरांचा, कुठला किल्ला कुणी द्यायचा, कुणाचं ठाणं पाडायचं, एकमेकांच्या शत्रूंचं पारिपत्य दोघांनी करायचं. वाचताना बरं वाटतं. चोवीस वर्षांनी काहीतरी मिटलं. मग आठवं कलम येतं: "इकडील चाकर तुम्ही ठेवू नये, तुम्हाकडील चाकर आम्ही ठेवू नये."

राज्यकर्त्यांच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणाचं कलम. माणसं फोडाफोडी करूनच तर एवढी वर्षं आग धुमसत राहिली होती. कृष्णाजी गेला आणि बापाच्या डोळ्यांवर आलं ते याच वाटेने. मी हे कलम लिहिणाऱ्याला नावं ठेवत नाही. पण वारणेच्या दोन्ही काठांना पाय असलेल्या घराला ते वाचून दाखवलं गेलं असेल त्या दिवसाचा विचार करा. आजवर लढाई होती, म्हणून भाऊ तिकडे होता. आता समेट झाला, म्हणून तो तिकडचाच.

माझ्या कथेत दादा गेलेला आहे. त्याचं पोर आता भाला पेलण्याच्या वयात आलंय. दक्षिण काठावर घरात पुरुष नाही, जमिनीवर भावकीचा डोळा आहे. म्हातारीला वाटतं, धाकल्याने नातवाला आपल्याबरोबर साताऱ्याला न्यावं, आपल्या पथकात उभं करावं. आठवं कलम आडवं येतं. पोर पन्हाळ्याच्या चाकराचं, त्याचं नाव तिकडच्या कागदावर. धाकला कारकुनाकडे जातो. कारकून चांगला माणूस आहे, तो तोड काढून देतो. कलम चाकराचं आहे, मुलाचं नाही. दत्तक घे आणि ने.

दत्तक गेलेल्या मुलाचं जन्मदात्याला पिंड देणं सुटतं. दादाला पाणी द्यायला मग कुणी उरत नाही. धाकला मात्र आयुष्यभर त्याच्या मुलाकडून बाबा अशी हाक ऐकणार, आणि वारणेकाठच्या त्या लढाईत आपण कुठल्या रांगेत होतो हे त्याला एक दिवस सांगावं लागणार. म्हातारीला नातू जिवंत पाहायचा आहे, एवढ्यावरच ती अडून आहे. पोराच्या आईला अजून कुणी विचारलेलं नाही. ती चुलीशी आहे, तिला सगळं ऐकू येतंय. ती काय म्हणते, ते मी सध्या लिहितो आहे.